तिसऱ्या कडव्यातल्या दोन मात्रा

ते गाणं तुम्ही ऐकलेलं आहे. नाही म्हणू नका. न्हाव्याच्या दुकानात, बसमध्ये, कुणाच्या तरी लग्नात, कुठं ना कुठं ते तुमच्या कानावरून गेलेलंच आहे, आणि तेव्हा पाय हलला नसेल तर तो पाय डॉक्टरला दाखवून घ्या. पहिली दोन कडवी मजेत जातात. तिसरं कडवं आलं की नाचणाऱ्यांची फजिती होते. पाऊल टाकायला जावं तर ताल आधीच पुढं निघून गेलेला. माणसं एकमेकांच्या अंगावर आदळतात, हसतात, आणि म्हणतात, "इथं बाई चुकली बघ." गाण्याच्या क्लासात एक मास्तर तर पोरांना हे कडवं 'असं करू नये' म्हणून वाजवून दाखवतात. दाखवोत बापडे. बाई चुकलेली नाही. त्या दोन मात्रा तिनं समजून उमजून कापल्यात, आणि त्यासाठी ती किती जणांशी भांडली ते मी सांगतो.

मुळात ती काही गायिका वगैरे नव्हती. लाँड्रीत कपड्यांच्या घड्या घालायची. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. चांगली मोठी, पत्र्याच्या छपराची, दवाखान्यांचे आणि हॉटेलांचे कपडे ट्रॉल्या भरभरून येणारी. एका टोकाला धुलाई, मध्ये इस्त्रीची मशिनं, दुसऱ्या टोकाला घड्यांची टेबलं. गोंगाट एवढा की शेजारणीला काही सांगायचं तर आधी तिचा दंड धरून हलवायचा. त्या गोंगाटात ही पोरगी सकाळपासून गात असायची आणि शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जायची. म्हणून तिचं नाव पडलं रेडिओ. हिला बंद करायचं बटण कुठंय, असं सुपरवायझर दर आठवड्याला विचारायचा, आणि दर आठवड्याला स्वतःच हसायचा.

तिची आई तीन नंबरच्या मशीनवर. वडील रेडिओ पाच वर्षांची असतानाच गेले, तेव्हा घरात या दोघीच. आईला लाँड्रीत मास्तरीणबाई म्हणत, कारण नवी मुलगी आली की तिला शिकवायची हीच. आणि शिकवायचं काय, तर मोजायला. त्या मशीनला शेजारी शेजारी दोन गाद्या होत्या, आणि वर एकच गरम लोखंडी तवा. तवा डावीकडच्या गादीवर टेकला की बाईनं उजव्या गादीवर पुढचा कपडा पसरायचा, कॉलर ओढायची, खिसे सपाट करायचे. सात मोजले की तवा आपोआप उचलला जाऊन उजवीकडं यायचा. तोवर हात बाहेर. मग डावीकडं. परत सात. दिवसभर.

"तव्याकडं बघायचं नाही," मास्तरीणबाई नव्या पोरींना सांगायच्या. "बघत बसलीस तर कॉलर वाकडी होईल. नजर कपड्यावर, आकडे पोटात."

वीस वर्षं त्या बाईनं तव्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं. सात तिच्या अंगात भिनलेले होते. झोपेत कूस बदलायची तीसुद्धा सातव्या श्वासाला, असं रेडिओ सगळ्यांना सांगायची, आणि आई तिला धपाटा घालायची.

रेडिओचं गाणंही त्याच तालावर वाढलेलं. घड्यांच्या टेबलावरून तिला तीन नंबरच्या तव्याची वाफ ऐकू यायची, फुस्स, मग सात, मग पुन्हा फुस्स. त्यावरच तिनं एकोणिसाव्या वर्षी ते गाणं रचायला घेतलं होतं. आईची थट्टा म्हणून, दुसरं काही नाही. 

एक दोन तीन चार पाच सहा सात,
सात म्हणता दूर जाई आईचा हात.

बायकांना आवडलं. दोन कडवी झाली. सगळं टेबल ते म्हणायला लागलं, आणि मास्तरीणबाई वरकरणी डोळे वटारून आतून खूश होत्या.

मग तो मंगळवार आला.

त्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई पाच नंबरवर एका नव्या मुलीला शिकवत होत्या, आणि त्यांच्या मशीनवर अर्धा तास एक बदली बाई उशांच्या अभ्र्यांना इस्त्री करत होती. अभ्रा म्हणजे काय, टाकला की झालं, हात लगेच बाहेर. रेडिओ टेबलावर गात होती आणि तिचं गाणं अडखळायला लागलं. सात म्हणायच्या आत फुस्स व्हायचं. तिला वाटलं, आपलंच लक्ष नाही. तिनं पुन्हा धरलं, पुन्हा तेच. मग तिनं ओळ थोडी तोडली, सूर जरा वळवला, आणि गाणं बसलं. पाचावर बसलं. उलट तिला त्याची गंमत वाटली, नवीन चाल सापडली म्हणून. अर्धा तास ती पाचावर गात होती. आई पाच नंबरवरून आपल्या मशीनकडं परत निघाली, हे तिनं पाहिलं. आईनं डॉक्टरचा जाड कोट गादीवर पसरला, हेही पाहिलं. खिशाची शिवण सपाट करत आईच्या ओठांवर सहा आला असेल नसेल, तवा आला.

त्या किंकाळीचं वर्णन मी करणार नाही. उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत, एवढं सांगून ठेवतो.

संध्याकाळी तपासायला साहेब आले. घड्याळ लावून मशीन पाहिलं. बरोबर सात. अपघाताच्या वहीत एक ओळ लिहिली गेली, 'कामगाराची मोजण्यात चूक', आणि मास्तरीणबाईंना घरी बसवलं.

रेडिओ सुपरवायझरकडं गेली. "तवा पाचला आला होता," ती म्हणाली.

"कशावरून?"

"माझ्या गाण्यावरून."

तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण म्हणायचं. "पोरी," तो म्हणाला, "साहेबांना काय सांगू मी? गाणं साक्षीला आलंय म्हणू?"

दवाखान्यात तिनं आईलाही तेच सांगितलं. "आई, तू चुकली नाहीस. मशीन पाचला आलं." आईनं पांढरट चेहऱ्यानं विचारलं, "तुला कसं कळलं?" मला अर्धा तास आधी कळलं होतं, हे पोरीनं कोणत्या तोंडानं सांगायचं? मी ऐकलं, आणि तुला हाक मारायची सोडून चाल बदलली? ती म्हणाली, "मला आपलं वाटलं तसं." आईनं डाव्या हातानं तिचा गाल थोपटला. आईला समजावायला पोरगी खोटं बोलतेय, असं आईनं धरून चाललं.

तेव्हापासून त्या बाईचा आकड्यांवरचा विश्वासच उडाला. वीस वर्षं जिनं लाँड्रीला मोजायला शिकवलं, ती चहात साखर घालताना विचारायची, "किती झाले गं चमचे?" गोळ्या खाताना तीनदा बघायची. जिन्याला अठरा पायऱ्या, जन्मभराच्या ओळखीच्या. पण खाली पोचली की थबकायची, एखादी राहिली तर नाही ना म्हणून पायानं चाचपायची. कुणी विषय काढला की म्हणायची, "माझंच चुकलं. दुसऱ्याला कशाला दोष?" रेडिओच्या काळजाला घरं पडायची. आईला सोडवायची किल्ली तिच्याच खिशात होती. ती काढायची तर स्वतःचं तोंड काळं करून घ्यावं लागणार होतं. सहा वर्षं तिला ते जमलं नाही. त्याच लाँड्रीत, त्याच टेबलावर ती घड्या घालत राहिली. गाणं मात्र दुसऱ्या कडव्याशी थांबलं ते थांबलंच.

लाँड्रीची गाडी चालवणारा एकजण होता. गठ्ठे पोचवायचे आणि सुट्टीच्या दिवशी एका छोट्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे, असा त्याचा कारभार. त्यानं रेडिओला बँडमध्ये ओढलं. हॉलमध्ये ती दोन कडवी ऐकून लोक पिसाटायचे. कुणीतरी रेकॉर्ड कंपनीच्या माणसाच्या कानावर घातलं. तो आला, त्यानं ऐकलं, टाळी वाजवली, आणि म्हणाला, "छान. पण दोनच कडवी? तिसरं लिहून आण. मग बघू."

तिसरं लिहून आण! सांगणाऱ्याचं काय जातं?

तिनं रविवारची दुपार घेतली. आई आतल्या खोलीत पडली होती. ही स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून लिहायला लागली. एक गोड कडवं लिहिलं, फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. आतून आईनं विचारलं, "अगं, मघाशी घड्याळात ठोके चार पडले की पाच?" आणि हिचं टाळकंच फिरलं. आईवर नाही, स्वतःवर. पुरे झालं, ती मनाशी म्हणाली. खरंच पुरे झालं. दहा मिनिटांत चार ओळी कागदावर उतरल्या.

पाचलाच आला गं, पाचलाच आला,
चूक तुझी नव्हती, घाई होती त्याला.
मला कळलं होतं, मी सूर फिरवला,
तोंड उघडायचं तर तालच धरला.

आणि चालही तीच, मंगळवारची. सातातून दोन मात्रा कापून पाचावर बसवलेली.

स्टुडिओ म्हणजे फर्निचरच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर जाड पडदा. वाद्यवृंद जुळवणारे एक चष्मेवाले गृहस्थ होते, अतिशय सज्जन, अतिशय हट्टी. सकाळी दहा ते एक एवढाच वेळ मिळालेला. पहिली दोन कडवी अर्ध्या तासात झाली. तिसऱ्याला सगळे आपटले. बासवाला एकीकडं, गिटारवाला दुसरीकडं.

"थांबा, थांबा," चष्मेवाले म्हणाले. "बाई, इथं तुम्ही दोन मात्रा खाल्ल्यात."

"खाल्ल्या नाहीत. कापल्यात."

"मग परत चिकटवा. लोकांनी नाचायचं कसं?"

"नका नाचू देऊ."

कंपनीचा माणूस काचेपलीकडून आत आला. "हे बघ, भांडण नको. तिसरं कडवं काढूनच टाकू. दोन कडव्यांचं गाणं सुरेख होतंय. सगळीकडं गाजेल. तुझं आयुष्य मार्गी लागेल बाई, कळतंय का तुला?"

"कळतंय," रेडिओ म्हणाली. "तिसरं नसेल तर पहिली दोनही नाहीत. पुसून टाका ती."

"तू जरा जास्तच करतेयस."

"सहा वर्षं काहीच केलं नव्हतं, म्हणून जास्त वाटतंय."

गाडीवाला ड्रमच्या मागं मान खाली घालून बसला होता. त्याची नोकरी लाँड्रीतलीच. कडव्याचा अर्थ त्याला पहिल्यांदा वाचलं तेव्हाच लागला होता, आणि हे गाणं गावभर वाजलं तर आपलं काय होईल हेही. तो फक्त म्हणाला, "साहेब, ती ऐकायची नाही. मी ओळखतो तिला."

तेव्हा तिनं एक केलं. कोपऱ्यातलं टेबल ओढून मध्ये आणलं. बासवाल्याचा कोट खुंटीवरून काढून त्यावर पसरला. स्वरांच्या कागदांची एक जाडजूड लाकडी फळी होती, ती चष्मेवाल्यांच्या हातात दिली.

"मी हा कोट सारखा करणार. तुम्ही मोठ्यानं सात मोजायचे, आणि सातला फळी दाणकन टेबलावर आणायची. मी वर बघणार नाही."

"अहो बाई, हा काय पोरखेळ?"

"आणा तर."

त्यांनी मोजलं. सातला फळी आली, तिचा हात केव्हाच बाहेर. पुन्हा. पुन्हा. तिसऱ्या वेळेला त्यांना जरा गंमत वाटायला लागली होती, फळी चांगली जोरात आपटली. तिनं मान वर केली नाही. कोटाचा खिसा सपाट करता करता म्हणाली, "आता मनात मोजा. आणि मधेच केव्हातरी पाचला आणा. केव्हा ते मला सांगू नका."

एकदा फळी सातला आली. दुसऱ्यांदा सातला आली. तिसऱ्यांदा चष्मेवाल्यांनी फळी उचलली, पाच झाले, आणि खाली तिचा हात, खिशाच्या शिवणीवर, अगदी निवांत. फळी वरच्या वर थांबली. खाली काही आली नाही.

"काय झालं?" तिनं वर न बघताच विचारलं.

"नाही करवत."

"तुमची ती नुसती लाकडाची फळी आहे."

त्यांनी फळी भिंतीला टेकवून ठेवली. चष्मा काढला, पुसला. मग तिनं सगळ्यांना सांगितलं, सगळं, त्या अर्ध्या तासासकट. गाडीवाल्याला तो अर्धा तास माहीत नव्हता. त्यानं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि काड्या हातात घेतल्या.

"पाचावर," चष्मेवाले वादकांना म्हणाले. "आणि कुणी सांभाळून घ्यायचं नाही. जसा आदळतो तसा आदळू द्या." एक वाजायला दहा मिनिटं असताना ते कडवं झालं, एका दमात. कंपनीच्या माणसानं ते तसंच ठेवलं. त्याला गाणं कळत होतं, एवढं मान्य करायला हवं.

पण रेडिओनं आणखी एक अट घातली. "बाजारात जायच्या आधी एका माणसानं हे ऐकायचंय. ती नाही म्हणाली तर नाही."

"अजून कोण आता?" त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी शेजाऱ्यांचा रेकॉर्ड प्लेअर आणून तिनं पलंगाशेजारी ठेवला. आई उशीला टेकून बसली होती, लेकीची रेकॉर्ड निघाली म्हणून डोळ्यांत कौतुक मावत नव्हतं. पहिल्या कडव्याला हसली. दुसऱ्याला डावा हात मांडीवर ताल धरायला लागला. सात, आणि सात, आणि सात. तिसरं कडवं आलं. मांडीवरचा हात चुकला. तिनं तो पुन्हा लावला, पुन्हा चुकला. तिचा चेहरा कसनुसा झाला. "बघितलंस? मला साधा ताल पण..." ती म्हणायला लागली, आणि मग शब्द तिच्या कानात शिरले.

गाणं संपलं. सुई नुसतीच खरखरत राहिली.

"परत लाव," आई म्हणाली.

परत लावलं. या वेळी मास्तरीणबाई ओठांनी मोजत होत्या. तिसऱ्या कडव्याला त्या पाचला थांबल्या. पुन्हा पाचला. प्रत्येक वेळी बरोब्बर.

"पाच," त्या म्हणाल्या. "खरंच पाचला आला होता?"

"हो, आई."

"शपथ?"

"तुझी शपथ. मी अर्धा तास ऐकत होते. पाचावर गात होते मी."

आईच्या छातीतून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की रेडिओला रडूच फुटलं. सहा वर्षं वाट पाहिलेली घटका आली असं तिला वाटलं. पण आईचं तोंड हळूहळू मिटत गेलं. तिला पुढची दोन वाक्यंही ऐकू आली होती.

"अर्धा तास?" ती म्हणाली. "मी तुझ्यासमोरून चालत गेले ना गं मशीनवर?"

"हो."

"आणि नंतर सहा वर्षं?"

आई भिंतीकडं तोंड करून झोपली. चौथ्या दिवशी कंपनीचा निरोप आला, काय ते कळवा म्हणून. आई न वळता म्हणाली, "वाजू दे." तेवढंच.

आणि वाजलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. महिन्याभरात असं झालं की गल्लीच्या एका टोकाला सुरू झालेलं गाणं दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत प्रत्येक खिडकीतून ऐकू यायचं. मौजेची गोष्ट म्हणजे लाँड्रीचा सुपरवायझर पहिलं कडवं शिट्टीवर वाजवत फिरायचा. तिसऱ्याकडं त्यानं लक्षच दिलं नव्हतं. लोक रेडिओला रस्त्यात थांबवायचे, हात मिळवायचे. घरी आली की आई कामापुरतं बोलायची. भाजी आणलीस का. दार लाव. चमचे मात्र आता विचारत नव्हती. आपले आपण घालायची. रेडिओ ते बघायची आणि तिला आनंद व्हायचा. तिनं एकदाही माफी मागितली नाही. मागून मिळण्यासारखी ती गोष्ट नव्हती, आणि आपण केलं ते योग्यच केलं याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आई आयुष्यभर बोलली नाही तरी हरकत नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. ठरवायला काय, जगायला जड जात होतं.

दोन महिन्यांनी एका शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. लाँड्रीचा मिस्त्री. मशिनं दुरुस्त करणारा, म्हातारा झालेला, हातात टोपी चुरगाळत उभा.

"मास्तरीणबाई," तो म्हणाला, "माझी नात ते गाणं दिवसातून दहादा लावते. मला घरात बसवत नाही हो."

"या ना. बसा."

तो बसला नाही. "टायमरचा स्क्रू मीच फिरवला होता. साहेब म्हणाले, एका मशीनवर पाचाचं करून बघ, जमलं तर सगळ्यांवर करू. बायकांना आधी सांगितलं तर त्या कटकट करतील. मी तुम्हाला सांगणार होतो, खरंच. तुम्ही पाच नंबरवर होतात, म्हटलं नंतर सांगू. आणि तुमचा हात... सगळे तुमच्याकडं धावले, तेव्हा मी स्क्रू परत सातावर आणला."

रेडिओला वाटलं, आई आता ओरडेल, नाहीतर रडेल. आई उठली. पायात चपला घातल्या. "इथं माझ्या दारात सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "चला."

"कुठं?"

"जिथं वहीत लिहिलंय तिथं."

अठरा पायऱ्या ती मागं न बघता उतरली. मिस्त्री तिच्या मागं, रेडिओ त्याच्या मागं. सहा वर्षांत मास्तरीणबाईंनी लाँड्रीत पाऊल टाकलं नव्हतं. त्या आत आल्या तशी पहिल्या मशीनवरच्या बाईनं आपलं मशीन बंद केलं, मग दुसरीनं, मग तिसरीनं. त्या पत्र्याखाली इतकी शांतता रेडिओनं कधी ऐकली नव्हती. सुपरवायझर धावत आला, "अहो, काय चाललंय, शनिवारचा माल आहे..." बाईंनी त्याच्याकडं बघितलं, आणि तो बाजूला सरकला. त्यालाही कधीकाळी त्यांनीच मोजायला शिकवलं होतं.

"सांगा," त्या मिस्त्रीला म्हणाल्या. "मोठ्यानं. शेवटच्या टेबलापर्यंत जायला हवं."

त्यानं सांगितलं. साहेबांचं सांगितलं, स्क्रूचं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज दोनदा बसला, दोन्ही वेळा बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "पुढं." कुणीतरी हुंदका दिला. सुपरवायझर खाली मान घालून ऑफिसात गेला आणि स्वतःच ती वही घेऊन आला. पान उघडून पेन हातात धरून उभा राहिला.

"माफ करा बाई," मिस्त्री म्हणाला. "मी गप्प बसायला नको होतं. पण पोट आहे हो मागं. आणि एक सांगू? गप्प तर तुमची पोरगीही बसली. तिनं स्वतःच गाण्यात म्हटलंय."

सगळ्या बायकांच्या नजरा तिच्याकडं वळल्या. आईनं मात्र तिच्याकडं पाहिलं नाही. ती मिस्त्रीकडंच बघत होती, आणि सहा वर्षं कुणी न ऐकलेला तिचा मास्तरणीचा आवाज अख्ख्या लाँड्रीत खणखणला.

"बसली ना. माझी पोरगी भित्रीच निघाली, आणि त्याचा मला राग आहे, अजून आहे. पण मिस्त्री, ती गप्प बसली आणि मग उठून स्वतःचं नाक कापून गावभर ओरडत सुटली. तिला कुणी विचारलं नव्हतं. कुणाला कधी कळलं नसतं. तुमच्या पोटाचं मला सांगता? तिनं तिची आई पणाला लावली होती." मग ती सुपरवायझरकडं वळली. "लिहा तुम्ही. पाच."

त्यानं लिहिलं. आईनं वाचून पाहिलं, आणि डाव्या हातानं लेकीच्या दंडाला धरून हलवलं.

"चल गं," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."